दुसऱ्या पावसाळ्यात बसणारी बाग : नाशिकच्या काळ्या मातीतील साचलेल्या पाण्याचा शोध आणि उपाय

लक्षणे

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून मला जे फोन येऊ लागतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार वेगवेगळ्या शब्दांत एकच असते. लॉनमध्ये परातीएवढे पिवळे डाग पडलेले असतात आणि ते दर आठवड्याला वाढत जातात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चालताना पाय किंचित रुततो आणि टाचेखाली पाणी वर येते. फरसबंदीच्या कडेने शेवाळ धरते. भर दुपारी झाडे माना टाकतात, माती हाताला ओली लागत असूनही टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सावरत नाहीत. एखाद्या ठरावीक कोपऱ्यात जे लावाल ते मरते. आधी अनंत गेला, मग त्याच जागी लावलेला चाफा गेला, आणि आता बोगनवेलीची पाने गळू लागली आहेत. याच बागेत मार्चमध्ये गेले, तर मातीवर क्षारांची पांढरी पापडी दिसते, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि दगडी बाकाचा एक पाय खचून बाक एका अंगाला झुकलेला असतो.

यांपैकी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी थांबावे. गेली अठरा वर्षे नाशिकमध्ये बागा आखणे आणि बिघडलेल्या बागा दुरुस्त करणे हेच काम करत असल्यामुळे मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, यात रोग किंवा खताची कमतरता हे मूळ कारण क्वचितच असते. जमिनीत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, हे बहुतेक वेळा कारण असते. लोक मोबाइलवर छायाचित्र दाखवतात, त्यात सपाट हिरवे लॉन असते, कडेला उंच सडपातळ सायप्रस, एक छोटे कारंजे, लॅव्हेंडरचा जांभळा पट्टा आणि बसायला शांत जागा असते. ते सर्व आखता येते. मात्र त्या छायाचित्रात माती दिसत नाही, आणि बागेचा सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे. तिच्यातील चिकण कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. फुगलेल्या अवस्थेत मातीतील बारीक पोकळ्या बंद होतात, त्यांतील हवा निघून जाते आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. प्राणवायूविना मूळ काम करू शकत नाही, म्हणून ते पाण्यात बुडालेले असूनही झाडाला पाणी पुरवू शकत नाही. ओल्या मातीत झाड तहानेने सुकल्यासारखे दिसते, ते यामुळे. मालक ते पाहून आणखी पाणी घालतो. आपल्या शेतकऱ्याकडे या सर्व प्रकाराला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. मातीत ओल आणि हवा दोन्ही हव्या त्या प्रमाणात असणे म्हणजे वाफसा, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या बागेला वाफसा का येत नाही हे शोधण्यासाठीच आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे, बिनखर्चिकाकडून खर्चिकाकडे आहे. तो मोडू नये, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक बागा पहिल्या तीन-चार तपासण्यांतच सुटतात.

आधी पाणी कोण घालते आहे ते पाहा

स्प्रिंकलरचा टायमर मे महिन्यात लावलेला असतो आणि जुलैच्या झडीतही तो इमानाने पहाटे पाच वाजता सुरू होतो. मालक त्या वेळी झोपलेला असल्यामुळे त्याला हे ठाऊकच नसते. जिथे टायमर नाही तिथे माळी असतो, आणि रोज पाणी घातले नाही तर आपण काम केले असे मालकाला वाटणार नाही, या धास्तीने तो पाइप धरून उभा राहतो. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी वेगळे सांगितलेले नसते. तपासणी अशी करावी की, चार इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा आणि अंगठ्याने दाबावा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. तो फुटण्याऐवजी अंगठ्याखाली पट्टीसारखा लांबत गेला, तर पाणी ताबडतोब बंद करावे आणि हीच कसोटी दर तीन दिवसांनी करावी. एवढ्यावर झाडे सावरली, तर पुढे वाचण्याची गरज नाही.

पाऊस नसतानाही, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतही एखादा भाग ओला राहत असेल, तर गळती असण्याची शक्यता मोठी असते. रात्री घरातले सगळे नळ बंद करून आणि टाकी भरणारा कॉक बंद ठेवून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल, तर मीटरपासून कॉकपर्यंतची जोडणी गळते आहे. जमिनीखालील टाकी पूर्ण भरून, वापर बंद ठेवून तिची पातळी बारा तासांनी मोजली, की टाकीचाही निकाल लागतो. यांपैकी काहीही सापडले, तर ते प्लंबरचे काम आहे; बाग खणत बसू नये.

गच्चीचे पाणी

ही तपासणी मी पावसात छत्री घेऊन उभे राहून करतो आणि मालकालाही सोबत उभे करतो. बंगल्याची गच्ची 1000 चौरस फूट धरली आणि एका तासात 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या गच्चीवरून सुमारे 2300 लिटर पाणी खाली येते. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ चौथा भाग, आणि तो बहुतेक वेळा एकाच पाइपातून, एकाच कोपऱ्यात, नेमक्या त्या अनंताच्या बुंध्याशी ओतला जातो. ज्या कोपऱ्यात झाडे टिकत नाहीत त्याच्या वर मान करून पाहिल्यास किती वेळा तो पाइप दिसतो, हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. पाइपाला कोपर आणि आणखी काही फूट पाइप जोडून ते पाणी फाटकाबाहेरील पावसाळी गटारापर्यंत किंवा पुनर्भरण खड्ड्यापर्यंत नेले, की हजार-दोन हजार रुपयांत प्रश्न मिटतो. ते मैल्याच्या ड्रेनेज लाइनला मात्र कधीही जोडू नये, कारण मोठ्या पावसात तीच लाइन उलटी भरून घरातल्या बाथरूममध्ये येते.

बुंधा आणि मुळांभोवतीचा गोळा

झाडाचे खोड जमिनीत शिरते तिथे ते थोडे रुंदावलेले दिसले पाहिजे. विजेच्या खांबासारखे ते सरळ मातीत घुसलेले दिसत असेल, तर ते खोल लावले गेले आहे किंवा नंतर कोणी तरी बुंध्याशी मातीचा ढीग केला आहे. खुरप्याने हलक्या हाताने माती बाजूला करून बुंधा मोकळा करावा.

त्यानंतर, मरू लागलेले एक झाड, फक्त एकच, उपसून पाहावे. नाशिकच्या नर्सऱ्यांतील बरीच शोभेची झाडे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून ट्रकने येतात आणि त्यांच्या मुळांभोवती घट्ट लाल मातीचा गोळा असतो. काळ्या मातीत तो तसाच बसवला, की दोन्ही मातींच्या सीमेवर मुळे अडखळतात. उन्हाळ्यात गोळा विटेसारखा सुकतो आणि पावसाळ्यात खड्डा हौदासारखा भरतो. दोन वर्षांपूर्वी लावलेले झाड उपसल्यावर गोळा जसाच्या तसा, सुबक, हातात येतो. कधी कधी तर त्यावरची काळी पिशवीही तशीच असते. गंगापूर रोडवरच्या एका काकूंकडे तिसऱ्यांदा मेलेला अनंत मी उपसला, तेव्हा पिशवीवर नर्सरीवाल्याने खडूने लिहिलेली किंमत अजून वाचता येत होती. काकू एवढेच म्हणाल्या, “अहो, मी तर त्याला रोज ताक घालत होते.”

लावताना पिशवी काढावी, गोळ्याच्या बाहेरच्या बाजूने दोन इंच माती पाण्यात भिजवून मोकळी करावी, गोल गोल फिरलेली मुळे कापावीत आणि खड्डा खोल करण्याऐवजी रुंद करावा. खड्ड्याच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, पण तिचा उपयोग होत नाही, उलट नुकसान होते. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुंबल्यावरच ते खाली टपकू लागते. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

एक कुदळ खोल

लॉनच्या पिवळ्या डागाच्या कडेला फावड्याने वीतभर चौकोन कापून उलटावा. प्रथम मुळांशी इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या आहेत का ते पाहावे. त्या दिसल्या आणि लॉन चटईसारखे सुटून हातात आले, तर ती हुमणी आहे. तो वेगळा विषय आहे आणि त्याचा उपाय निचरा नव्हे. अळ्या नसतील, तर माती नाकाशी न्यावी. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, तर तुंबलेल्या मातीला सडक्या अंड्याचा किंवा गटाराचा वास येतो आणि तिच्यात निळसर-करडे चट्टे दिसतात. आता एक मूळ दोन बोटांत धरून ओढावे. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निसटून बोटांत राहते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा मागे उरतो. एकदा पाहिले की हे विसरता येत नाही, आणि त्यानंतर बुरशीनाशकाचा आग्रह मालक आपोआप सोडतो. बुरशी तिथे असतेच, परंतु पाणी तुंबलेले असेपर्यंत ती पुन्हा पुन्हा येत राहते.

सळई आणि खड्डा

बांधकामाची दहा मिलिमीटर जाडीची सळई घ्यावी आणि पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत दर पाच फुटांवर ती हाताने दाबून पाहावी. ती सर्वत्र सात-आठ इंचांवर खटकन थांबत असेल, तर खाली मातीच नाही. नव्या बंगल्यांत हे सर्रास घडते. बांधकामाचा राडारोडा, म्हणजे प्लास्टरचे ढेकूळ, फरशीचे तुकडे आणि खडी, तिथेच पसरून त्यावर मुरूम टाकला जातो, जेसीबी आणि डंपर वरून फिरतात आणि शेवटी अर्धा फूट लाल माती अंथरून लॉन बसवले जाते. पहिल्या वर्षी ते अप्रतिम दिसते, कारण मुळे अजून त्या अर्ध्या फुटातच असतात.

आता निचऱ्याची खरी कसोटी. एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा खणून संध्याकाळी तो पाण्याने काठोकाठ भरावा व रात्रभर जिरू द्यावा. सकाळी पुन्हा भरून त्यात पट्टी उभी करावी आणि दर तासाला पातळी किती उतरली ते लिहावे. तासाला एक इंच किंवा अधिक उतरली, तर निचरा चांगला आहे आणि दोष अन्यत्र आहे. अर्धा ते एक इंच असेल, तर उंच वाफे केले आणि झाडे बदलली की पुरते. अर्ध्या इंचाहून कमी असेल, तर चर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ही कसोटी मे महिन्यात कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत करून “पाणी तर झपाट्याने जाते” असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. ते पाणी भेगांतून जात असते, आणि माती फुगल्यावर त्या भेगा राहत नाहीत. उन्हाळ्यात करायचीच असेल, तर आधी दोन दिवस जागा भिजवत ठेवावी. खड्डे किमान तीन ठिकाणी घ्यावेत. पांडवलेणीच्या पायथ्याकडची मुरमाड जमीन आणि निफाडच्या अंगाची खोल काळी जमीन यांत फरक असणार हे उघड आहे, पण भरावामुळे एकाच प्लॉटच्या दोन टोकांतही मी तेवढाच फरक पाहिला आहे.

पाण्याचा आणि मातीचा क्षार

निचरा बरा असूनही कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे चित्र जास्वंद किंवा एक्झोऱ्यावर दिसत असेल, तर झाडाला लोह मिळत नाही. आपल्या मातीत लोह भरपूर असते. चुनखडीमुळे सामू (पीएच) चढलेला असला, की ते झाडाला घेता येत नाही. घरातल्या व्हिनेगरचे चार थेंब सुक्या मातीवर टाकावेत. ती फसफसली, तर चुनखडी आहे, मग ती मूळची असो वा राडारोड्यातली. तात्पुरता उपाय म्हणून लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे, मात्र फरशी झाकून, कारण गंजाचे डाग निघत नाहीत. जमिनीतून द्यायचे असेल, तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह घ्यावे. स्वस्तातले ईडीटीए चढ्या सामूच्या मातीत फार काळ टिकत नाही.

बोअरचे पाणी वापरत असाल, तर त्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात क्षार किती विरघळले आहेत ते दाखवणारे माप, तपासून घ्यावी. ती 0.75 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल, तर चिंता नाही आणि 2.25 च्या वर असेल, तर ते पाणी बागेसाठी धरू नये. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालणे हे काटकसरीचे वाटते, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. त्याहून घातक म्हणजे सॉफ्टनरचे, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पाणी. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, सोडियमने चिकण माती विस्कटते आणि होता तो निचराही बंद पडतो. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनला जोडून घ्यावा. माती परीक्षणात सोडियम खरोखर जास्त निघाला, तरच सोडियम हटवणाऱ्या जिप्समचा विचार करावा. नुसत्या तुंबलेल्या बागेत जिप्समच्या गोणी ओतून काही होत नाही.

दुरुस्ती

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी पाथर्डी फाट्याजवळच्या एका बागेत माती भुसभुशीत करायची म्हणून मी दोन ब्रास वाळू आणून काळ्या मातीत मिसळली. मार्चपर्यंत तिची वीट झाली; टिकावही उसळून येत होता. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकण माती यांचे मिश्रण दोघांहून वाईट निघते. वाळू निम्म्याहून बरीच जास्त घातली तरच काही फरक पडतो, आणि तेवढी वाळू आणणे कोणालाच परवडत नाही. ती बाग मी नंतर स्वखर्चाने उकरून दिली. काळ्या मातीची घडण सुधारते ती चांगल्या कुजलेल्या शेणखताने आणि पालापाचोळ्याने, आणि तीही दोन-तीन वर्षांत, दरवर्षी थोडी थोडी.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तो वेल सपाट जमिनीत लावत नाही. बोद, म्हणजे मातीचा लांबट उंचवटा उभारतो, त्यावर लावतो आणि दोन बोदांमधून पाण्याला वाट ठेवतो. शोभेच्या बागेतही तेच करावे. नऊ इंच ते फूटभर उंचीचे, कडेला हलका उतार असलेले वाफे पोयटा माती आणि शेणखताने भरावेत, आणि ज्यांना पाय ओले चालत नाहीत अशी झाडे, म्हणजे चाफा, बोगनवेल, रोझमेरी, त्यांवर लावावीत. लॅव्हेंडरचा हट्ट असेल, तर तो कुंडीत पुरवावा. सखल भागाशी झगडण्याऐवजी तिथे कर्दळ, वाळा आणि अळू लावावे. पावसात कर्दळीच्या पानांवर वाजणारे पाणी ऐकत बसायलाही छान जागा होते. लॉनला दर दहा फुटांना दीड इंच एवढा उतार पुरतो, आणि तो डोळ्यांना सपाटच दिसतो.

चर काढायचा झाल्यास दीड फूट खोल आणि एक फूट रुंद काढावा, आत जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारे कापड अंथरावे, थोडी खडी, त्यावर चार इंच व्यासाचा, छिद्रे पाडलेला पाइप, पुन्हा खडी आणि वरून कापड दुमडून माती, असा क्रम ठेवावा. खणण्यापूर्वी मात्र पाणी शेवटी कुठे सोडणार ते ठरवावे. बागेपेक्षा खाली तोंड नसलेला चर म्हणजे जमिनीखालची लांबट टाकी होय. शोषखड्डाही खाली मोकळ्या मुरमापर्यंत पोहोचला, तरच पाणी पितो. चिकण मातीत संपलेला शोषखड्डा पहिल्या मोठ्या पावसात भरतो आणि तसाच राहतो. आणि काम एप्रिल-मेमध्येच करावे, कारण ओल्या काळ्या मातीत एकदा पाय फिरले, की ती इतकी दाबली जाते की निचऱ्याचे काम निचराच बिघडवून जाते.

कुठे थांबावे

खणताना विजेची केबल किंवा अनोळखी पाइप लागला, तर कुदळ खाली ठेवावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबरला बोलवावे. बागेतील दिव्यांमुळे पावसात घरचा ब्रेकर पडत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती लाइन बंदच ठेवावी आणि ओल्या लॉनवर अनवाणी फिरू नये. चराच्या पाण्याला मैल्याचा वास येत असेल, तर सेप्टिक टँक फुटलेला असू शकतो. कंपाउंड भिंत किंवा घराचा पाया यांपासून तीन फुटांच्या आत खोल चर काढायचा असेल, भिंत आधीच कलली असेल, किंवा शेजारचा प्लॉट उंच असून त्याचे पाणी जमिनीखालून येत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याविना एक घमेलेही माती हलवू नये. फुगणाऱ्या मातीवरच्या पायाशी खेळ हे माळ्याचे काम नव्हे, माझेही नव्हे. मोठ्या झाडाची मनगटाहून जाड मुळे आडवी आली, तर चराची दिशा बदलावी. झाडच काढण्याचा विचार असेल, तर शहरात 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या आवारातील झाडासाठीही.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात महागडी झाडे लावू नयेत. वाफ्यांवर झेंडू किंवा ताग पेरावा, कसोटीच्या खड्ड्यांपैकी एक लहान मुले पडणार नाहीत असा जाळीने झाकून उघडा ठेवावा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर किती तासांनी तो रिकामा झाला ते कॅलेंडरवर लिहावे. सलग दोन-तीन मोठ्या पावसांनंतर तो दिवसभरात रिकामा होऊ लागला, की अनंत आणायला नर्सरीत जावे, आणि लावण्यापूर्वी त्याची पिशवी काढावी.